हरकतदाराचे म्हणणे आणि कचेरीची नोंद

सार्वजनिक कामाला रहिवाशाने घेतलेली हरकत निर्णय करणाऱ्यापर्यंत त्याच्याच शब्दांत क्वचित पोचते. काम धरणाचे असो, रस्त्याचे, खाणीचे की शहराच्या विकास आराखड्याचे. रहिवासी बोलतो, कारकून टिपून घेतो, अधिकारी त्याचा गोषवारा काढतो, प्रकल्प उभारणारा त्या गोषवाऱ्याला उत्तर देतो आणि मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला निर्णयकर्ता बहुधा ते उत्तर तेवढे वाचतो. इतक्या हातांतून जाताना म्हणणे बदलते. ते कधी मुद्दाम बदलले जाते, यात शंका नाही. पण जुने कायदे आणि अलीकडचे निकाल वाचले तर उघड खोटेपणापेक्षा नोंदीच्या साच्याने केलेला फेरफारच अधिक दिसतो. नमुन्यात ज्या म्हणण्याला रकाना नाही, ते शेजारच्या रकान्यात जाऊन बसते. महाराष्ट्रात आणि गोव्यात गेल्या दीडशे वर्षांत हरकत, सुनावणी आणि इतिवृत्त यांची जी घडी बसत गेली, तिची हकिगत बरीचशी या फेरफाराची आहे.

मराठेशाहीत गावचा तंटा तोडायला गोतसभा बसे. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेतल्या जात आणि निवाड्याचा महजर होई. हजर असलेल्यांची नावे महजरावर चढत. ज्यांना अक्षरओळख नसे ते आपल्या धंद्याची निशाणी करत. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेटे-महाजनांच्या नावापुढे तराजू. विषय मात्र वतनाचे, शिवेचे, मानपानाचे असत. सरकारी कामाला हरकत घेण्याची सोय तिथे नव्हती, आणि गोतातही सगळ्यांचा आवाज सारखा नव्हता. बायकांचे आणि तळच्या जातींचे म्हणणे कागदावर फार थोडे उमटे. तेव्हा महजराचे फाजील कौतुक नको. पण ज्या सभेत जबाब झाले त्याच सभेपुढे कागद पुरा व्हायचा आणि तिथेच निशाण्या पडायच्या, ही रीत पक्की होती. आपण काय बोललो याची नोंद बोलणाऱ्याच्या नजरेआड होत नसे.

इंग्रजी अमदानीत गाऱ्हाणे मांडण्याचे साधन उरले ते अर्जाचे. अर्ज अर्जनवीस किंवा वकील लिहिणार आणि वरच्या कचेरीत जायचा तर तो इंग्रजीतून जाणार, म्हणजे पहिल्याच पायरीला शब्द परके झाले. त्यावर उत्तर आले तर ते बहुतेक एका ओळीचे, नाहीतर अर्ज दप्तरी दाखल. शिवाय सरकारचा ठरलेला सवाल असे, की हे अर्ज करणारे नेमके कोणाच्या वतीने बोलतात? २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी या सवालाला कागदोपत्री उत्तर तयार ठेवले. सभेच्या प्रत्येक प्रतिनिधीने निदान पन्नास सज्ञान माणसांचे मुखत्यारपत्र आणायचे, असा नियम केला. सुरुवातीच्या ९५ प्रतिनिधींपाशी मिळून सहा हजारांवर लोकांची मुखत्यारपत्रे होती. सभेने पुढे खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून रयतेच्या स्थितीवर आणि शेतसाऱ्यावर सरकारला निवेदने धाडली. एवढे करूनही १८९७ च्या दुष्काळातील चळवळीनंतर मुंबई सरकारने जाहीर केले, की सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी बोलण्याचा हक्क या सभेला उरलेला नाही. म्हणणे खोडून काढण्यापेक्षा म्हणणाऱ्याची मान्यता काढून घेणे सोपे असते, याचे हे जुने उदाहरण आहे.

जमिनीच्या बाबतीत साचा ठरला तो १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. कलम ४ खाली प्राथमिक अधिसूचना, कलम ६ खाली जाहीरनामा आणि मग कलम ९ ची नोटीस, असा क्रम होता. नोटीस जागेवर किंवा जवळपास लावली जाई आणि संबंधितांना बोलावले जाई. तिच्यात विचारले जाई ते एवढेच: तुमचा या जमिनीत हितसंबंध कोणता, मोबदला किती मागता, कशाच्या आधारे मागता आणि मोजणीबद्दल काही हरकत आहे का. ‘जमीन द्यायचीच नाही’ हे उत्तर लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. कलम ११ खाली निवाडा झाल्यावर कोर्टाकडे दाद मागायची तरी ती क्षेत्र, रक्कम, रक्कम कोणाला मिळावी आणि तिची वाटणी कशी व्हावी, एवढ्यापुरतीच. कोलकात्याच्या एझ्रा खटल्यात १९०५ साली प्रिव्ही कौन्सिलने स्पष्टच केले, की जिल्हाधिकाऱ्याचे हे कामकाज प्रशासकीय असून न्यायदानाचे नाही. निवाडा म्हणजे सरकारने देऊ केलेली रक्कम. अशा व्यवस्थेत शेतकरी नोटिशीला धरून बोलला तर तो मोबदल्यावरच बोलणार, आणि नकार द्यायला उभा राहिला तरी त्याची नोंद जादा रकमेची मागणी म्हणूनच होणार.

मुळशी पेट्यात नेमके हेच घडले. टाटांनी खोपोली आणि आंध्र खोरे येथील वीजयोजनांनंतर सह्याद्रीतली तिसरी योजना निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून उभारायचे ठरवले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून, सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून कोकणात भिरा येथे वीज करायची, ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. कोळशाची बचत, स्वस्त वीज, हजारोंना रोजगार हे योजनेच्या बाजूचे मुद्दे होते आणि ते खोटे नव्हते. पाण्याखाली जाणार होती सुमारे पन्नास गावे आणि मावळातली भातखाचरे. जमिनीचे रीतसर संपादन होण्याआधीच खोदाईला सुरुवात झाली, ही तिथल्या लोकांची पहिली तक्रार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळे आणि स्वयंसेवक धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. तिच्यात रकमेचा उल्लेखही नाही. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे अशी पुण्याकडची बरीच मंडळी या सत्याग्रहात वेगवेगळ्या टप्प्यांवर होती; पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद मिळाले ते इथेच. महात्मा गांधींनी त्याच एप्रिलमध्ये ‘यंग इंडिया’त लिहिताना बोट ठेवले ते नेमक्या जागी. एका गरीब माणसाच्याही मनाविरुद्ध होणार असेल तर योजनेच्या फायद्यांना मोल काय, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. गोष्ट नापसंतीची आहे, पैशाची नाही, हे बाहेरच्या फार थोड्या लोकांनी इतक्या सरळ मांडले.

कारण मुळशीच्या वतीने बोलणारे एकच नव्हते. पेट्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्याच नावावर होती. कसणारा मावळा कुळ, आणि सातबाऱ्याच्या पूर्वजांमध्ये, म्हणजे त्या वेळच्या खातेपुस्तकांत, नाव सावकाराचे. सावकाराला ती जमीन म्हणजे वसुली. चांगला मोबदला मिळत असेल तर धरण त्याला इष्टच. त्यामुळे पुण्यात वाटाघाटी सुरू झाल्या त्या मोबदल्याच्या दरावर. पुढाऱ्यांपैकी काहींनाही तडजोडीचा रस्ता शहाणपणाचा वाटू लागला. सहा महिने थांबलेले काम १९२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही पुन्हा पेटला. बायकामुलांसह माणसे तुरुंगात गेली. तिकडे सरकारला आणि कंपनीला मात्र सोयीचे होते ते पुण्याचे म्हणणे: लोक राजी आहेत, भाव तेवढा ठरायचा आहे. हे सावकारांपुरते खरे होते. ते सगळ्या पेट्याचे मत म्हणून पुढे आले, ही त्यातली मखलाशी. १८९४ च्या कायद्याचा साचा आणि सावकाराची गरज एकमेकांत चपखल बसली होती, त्यामुळे कोणाला मुद्दाम खोटी नोंद करण्याची गरजही पडली नाही. चळवळ विरत गेल्यावर बापटांनी १९२४ मध्ये कामावरची रेल्वे अडवून अखेरचा प्रयत्न केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले.

याच सुमारास भूसंपादन कायद्यात एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. तिचा मुळशीशी कार्यकारणसंबंध जोडण्याची गरज नाही. देशभरच्या तक्रारी होत्या. १९२३ च्या ३८ व्या कायद्याने कलम ५-अ घातले गेले. ज्याची जमीन जाणार त्याला संपादनालाच हरकत घेण्याचा हक्क मूळ कायद्यात नाही आणि आलेल्या हरकतींचा विचार करण्याचे सरकारवर बंधनही नाही, अशी कबुली दुरुस्तीच्या उद्देशपत्रातच होती. आता अधिसूचनेपासून तीस दिवसांत लेखी हरकत देता येऊ लागली. जिल्हाधिकाऱ्याने हरकतदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत बोलू द्यायचे आणि शिफारशींसह अहवाल सरकारला पाठवायचा.

‘नको’ म्हणायला अखेर रकाना मिळाला. पण ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा, अशी नवी फट पडली. जिल्हाधिकारी ऐकणार, सरकार ठरवणार आणि सरकारचा निर्णय अंतिम. मधल्या पुलाचे काम करणारा अहवाल हरकतदाराला दाखवलाच पाहिजे असे कलमात कुठेही नव्हते. त्यामुळे दोन तास चाललेल्या सुनावणीतून ‘हरकतदाराने मोघम विरोध केला, हरकत ग्राह्य धरण्याजोगी नाही’ असे एक वाक्य उरले तरी त्याला ते कळायचे ते फार उशिरा. शिवाय कलम १७ खाली तातडी दाखवली की सुनावणीच वगळता येई, आणि ही पळवाट स्वातंत्र्यानंतरही मुबलक वापरली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या एका निकालात ५-अ ची सुनावणी हा केवळ उपचार नसून महत्त्वाचा हक्क आहे, असे बजावले. तोवर कायद्याला शंभरी उलटून गेली होती.

शहरांत गोष्ट निराळ्या वाटेने गेली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले. मोबदला घरमालकाला, चाळीतल्या भाडेकरूला उठण्याची नोटीस. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा; त्यातल्या योजनांत लवाद प्रत्येक भूखंडधारकाचे म्हणणे ऐके, पण त्याच्या लेखी माणूस म्हणजे मालक. पूर्ण शहराचा विकास आराखडा करण्याची सक्ती १९५४ च्या कायद्याने आली आणि मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये तयार होऊन १९६७ मध्ये मंजूर झाला. त्याच वेळी, जानेवारी १९६७ पासून, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू झाला. त्याच्या कलम २६ खाली आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवायच्या. हरकत कोणीही घेऊ शकतो. सातबारा किंवा मिळकतपत्रिका दाखवायची अट नाही. इथे नुसता रहिवासीही कायद्याच्या नजरेत आला.

कलम २८ प्रमाणे या हरकती नियोजन समिती ऐकते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले जाणकार असतात. सुनावणीचे पत्र येते, तारीख-वेळ दिलेली असते, आणि एका खोलीत गटागटाने माणसे आत सोडली जातात. पत्रावर पोच, आवक क्रमांक, हरकत क्रमांक. समितीसमोर प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. मग तक्ता: हरकतदाराचे नाव, हरकतीचा थोडक्यात विषय, प्राधिकरणाचा अभिप्राय, समितीची शिफारस. या ‘थोडक्यात’मध्ये सगळी मेख आहे. मैदानावरचे आरक्षण का उठवू नये यावर लिहिलेले चार पानी पत्र ‘आरक्षण कायम ठेवणेबाबत’ एवढ्या ओळीत मावते. आणि आरक्षण ठेवा पण दवाखान्याची जागा बदला, असे सांगणारे दुसरे पत्रही कधी कधी त्याच ओळीत मावते.

मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा या यंत्रणेची ताकद आणि तोकडेपण दोन्ही एकदम दिसले. उभ्या इमारतींवरून नेलेले रस्ते, नकाशातून गायब झालेल्या वारसा वास्तू अशा चुका नागरिकांनीच शोधून काढल्या. सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या, आणि त्यांची सुनावणी होण्याआधीच एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा रद्द करून दुरुस्त मसुदा करायला सांगितले. मे २०१६ मध्ये आलेल्या त्या दुरुस्त मसुद्यावर सुमारे १३ हजार हरकती आल्या, त्या मात्र समितीने महिनोन्‌महिने बसून ऐकल्या. आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला तेव्हा सरकारने केलेल्या मोठ्या फेरबदलांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागल्या. पहिल्या फेरीत गठ्ठा एवढा मोठा होता की वाचण्याआधीच त्याचे वजन कामी आले. असे भाग्य हरकतींना वरचेवर लाभत नाही.

खेड्यात नोंद होते ती ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला स्थान दिले; इतिवृत्त लिहायचे काम ग्रामसेवकाचे. सभेला आलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे आधी हजेरीसाठी घेतले जातात आणि ठराव बहुतेक वेळा नंतर, सवडीने, लिहिला जातो. ‘आम्ही हजेरीची सही केली, ती ना-हरकत ठरावाखाली गेली’ ही तक्रार खाणी, कारखाने आणि पवनचक्क्यांच्या गावांत इतकी जुनी आहे की लोक आता सही करण्याआधी वरची जागा रिकामी नाही ना हे पाहतात. काही गावांत ठराव सभेतच मोठ्याने वाचून मग सही करायची शिस्त लोकांनी स्वतः घालून घेतली आहे.

पर्यावरणाच्या अंगाने लोकांना बोलू देण्याची तरतूद उशिरा आली. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन सक्तीचे केले; जनसुनावणीची कार्यपद्धती त्यात १० एप्रिल १९९७ रोजी जोडली गेली. सुरुवातीच्या सुनावणी समितीत प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी, स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासोबत त्या भागातले तीन ज्येष्ठ नागरिकही बसू शकत. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने ती समिती मोडीत काढली. आता सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी असतो, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात छापावी लागते. उपस्थितीला गणपूर्तीची अट नाही.

याच अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात नोंदीबद्दल जे लिहिले आहे ते मात्र जुन्या कोणत्याही कायद्यापेक्षा काटेकोर आहे. संपूर्ण सुनावणीचे चित्रीकरण करायचे. व्यक्त झालेली सर्व मते आणि चिंता अचूक दाखवणारा गोषवारा मंडळाच्या प्रतिनिधीने तयार करायचा, तो सभा संपताना लोकांना वाचून दाखवायचा, त्यांच्या भाषेत समजावून सांगायचा आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची. लोकांचे मुद्दे आणि प्रकल्प उभारणाऱ्याचा अभिप्राय यांचा तक्ता स्थानिक भाषेत व इंग्रजीत जोडायचा. हे इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय येथे लोकांना पाहायला ठेवायचे. पुढे आणखी एक वाक्य आहे, जे फारसे कोणी वापरत नाही: इतिवृत्ताबद्दलच काही म्हणायचे असेल तर ते थेट मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला कळवता येते. म्हणजे आपले बोलणे चुकीचे नोंदले गेले असेल तर ते दुरुस्त करून घेण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे.

तरीही साचा आपले काम करतोच. उपस्थित प्रत्येकाला संधी द्यायची ती, परिशिष्टाच्या भाषेत, प्रकल्पाविषयी माहिती किंवा खुलासा मागण्याची. त्यामुळे विरोधसुद्धा शंकेच्या रूपात टिपला जातो आणि शंकेला निरसन असतेच. नमुन्यादाखल एक जोडी पाहावी. किनाऱ्यावरची बाई उठून म्हणते, ‘आमची जाळी जिथं पडतात तिथंच तुमची जेटी. आम्ही काय खायचं?’ इतिवृत्तात ते असे उतरते: ‘सदर ग्रामस्थ यांनी स्थानिकांच्या रोजगाराबाबत विचारणा केली.’ शेजारच्या रकान्यात अभिप्राय: ‘पात्रतेनुसार स्थानिकांना प्राधान्य देण्यात येईल.’ कोणीही खोटे लिहिलेले नाही. तिच्या बोलण्यातला समुद्र तेवढा गेला, आणि नोकरी मागायला न आलेल्या बाईला नोकरीचे आश्वासन मिळाले. चित्रीकरणात तिचे मूळ वाक्य असते; पण मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे जाते ते तक्त्याचे पान.

गोषवारा काढण्याची गरजच पडू नये असा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला. रायगड जिल्ह्यातील विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत प्रशासनाने शेतकऱ्यांचे मतदान घेतले. दोनच पर्याय, मतपत्रिका, शिक्का. बहुतांश शेतकरी जमीन द्यायला राजी आहेत, असे त्याआधी सांगितले जात होते. मते पडली ती प्रचंड बहुमताने विरोधात. पुढच्या वर्षी संपादनाची मुदतही उलटून गेली. हा प्रयोग पुन्हा कुठल्या मोठ्या प्रकल्पासाठी झाला नाही, आणि का झाला नाही हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आणि सामाजिक परिणामांची जनसुनावणी सक्तीची केली. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला.

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबन येथे झाली. तिथली एक तक्रार भाषेची होती: पर्यावरण अहवाल मराठीत हवा, तोही वाचायला वेळ मिळेल असा. जाडजूड इंग्रजी अहवालावर मराठीत बोलायचे आणि ते बोलणे पुन्हा इंग्रजी तक्त्यात जायचे, म्हणजे दोनदा उलथापालथ. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रकल्पाला ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली.

नोंदीनंतरच्या टप्प्याकडे, म्हणजे नोंदलेल्या हरकतीचे तज्ज्ञ समिती काय करते याकडे, न्यायालयांचे लक्ष वेधले ते गोव्याने. गोव्यातील एका लोहखनिज खाणीच्या मंजुरीविरुद्धच्या उत्कर्ष मंडळ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल दिला, की जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केला हे तिच्या इतिवृत्तातून, कारणांसह, दिसले पाहिजे. नुसती मंजुरीची शिफारस पुरेशी नाही. एका बैठकीत पाचाहून अधिक अर्ज घेऊ नयेत असेही न्यायालयाने सुचवले. मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी हाच धागा पुढे नेला. अर्जातल्या माहितीत झालेली लपवाछपवी आणि हरकतींवर कारणे न देता झालेली शिफारस पाहून मंजुरी स्थगित झाली आणि प्रकरण तज्ज्ञ समितीकडे परत गेले. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह काम पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळाली. विमानतळ झालाच, पण ‘विचार केला’ एवढे दोन शब्द यापुढे विचार केल्याचा पुरावा ठरू शकत नाहीत, हे त्यातून पक्के झाले.

२०१९ मध्येच मुंबईत आरे वसाहतीतल्या मेट्रो कारशेडचा वाद शिगेला पोचला. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने झाडे तोडण्यावर हरकती मागवल्या तेव्हा त्यांची संख्या ८० हजारांवर गेली. बऱ्याचशा एकाच मजकुराच्या ई-मेल होत्या. अशा हरकती किती मोजायच्या, एक की हजारो, याचे उत्तर कायद्यात नाही. मजकूर एकच असला तरी सह्या वेगळ्या, हे एका बाजूचे म्हणणे. सह्या वेगळ्या असल्या तरी मुद्दा एकच, हे दुसऱ्या बाजूचे. यापेक्षा मोठा फेरफार मात्र मथळ्यांत आणि व्यासपीठांवर झाला. हरकत घेणाऱ्यांतले पुष्कळजण म्हणत होते, मेट्रो हवी, कारशेड दुसरीकडे न्या. त्यांची ओळख बनली ती ‘मेट्रोचे विरोधक’. दोन हजारांवर झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर त्याच रात्री तोड सुरू झाली.

पुढच्याच वर्षी जनसुनावणीचे नियमच हरकतींसाठी खुले झाले. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात लोकांना म्हणणे मांडायला मिळणारी मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणण्याचा प्रस्ताव होता. मसुदा हिंदी आणि इंग्रजीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतरित करायला सांगितले आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. पंधरा लाखांवर हरकती जमा झाल्या. मसुद्याला अंतिम रूप मिळाले नाही. २००६ ची अधिसूचना अनेक दुरुस्त्यांसह चालू राहिली, आणि इतिवृत्त सभेतच वाचून दाखवून त्याच दिवशी सही करण्याचे तिच्यातले कलमही.